हलक्या हाताची काठी

लहान मुलासाठी गळाची काठी घ्यायला निघालेला मोठा माणूस दुकानात शिरताना मुलाचा विचार करत असतो आणि बाहेर पडताना माशाचा. तो मासाही त्या मुलाला मिळू शकेल असा नसतो. आपल्याच मनात कधीपासून फिरत असलेला एखादा प्रचंड जिताडा किंवा कटला असतो. मग आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या हातात दहा फुटांची जाडजूड काठी येते, तिला अर्ध्या किलोचं रीळ, रिळावर पंचवीस-तीस पौंडांची तंगूस. पहिल्या दिवशी पोर हरखून जातं. पुढच्या खेपेला ते काठी खडकाला टेकवतं आणि खेकडे शोधायला लागतं. घरी निष्कर्ष निघतो की याच्याकडे धीर नाही.

धीर असतो. मनगट दुखत असतं.

माझ्या भाचीला दहावं वर्ष लागलं तेव्हा तिला रिळाची काठी घ्यायचं ठरलं. आमचं गाव कर्ली खाडीच्या काठावर, मालवण तालुक्यात. देवबागला ही नदी समुद्राला मिळते, त्याच्या बरंच अलीकडे, जिथे भरतीचं खारं पाणी आणि डोंगरातून आलेलं गोडं पाणी एकमेकांत मिसळतं, तिथे आमचा धक्का. मे महिन्याच्या सुट्टीत ती येते. तोवर तिच्याकडे चिव्याची काठी होती. कोकणात मुलाची पहिली काठी विकत आणत नाहीत, तोडून आणतात. चिवा हा बारीक, जवळजवळ भरीव बांबू. बुंध्याशी अंगठ्याएवढा, शेंड्याकडे निमुळता होत जाणारा. तोडल्यावर तो सावलीत, खाली वजन बांधून टांगून वाळवला की सरळ राहतो. शेंड्याला काठीच्याच लांबीची तंगूस, बुचाचा तुकडा, शिशाचा मणी आणि लहान गरी. रीळ नाही, गुंता नाही, बिघडण्यासारखं काही नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला यापेक्षा चांगली काठी जगातलं कुठलंही दुकान देऊ शकणार नाही, असं माझं ठाम मत आहे. मासा आणि हात यांच्यामध्ये कमीत कमी वस्तू असणं, हे त्या काठीचं वैभव. पुढची काठी घ्यायची तर तिने हे वैभव हिरावून घेता कामा नये, एवढी एकच अट मी मनाशी धरली होती.

दुकानात काठ्या लांबीप्रमाणे उभ्या असतात आणि विकणाराही लांबीपासूनच सुरुवात करतो. मुलासाठी बघायचं ते आधी वजन, आणि त्यातही वजन कुठे आहे ते. काठी हा तरफेचा खेळ आहे. मुठीपासून सहा फुटांवर, शेंड्याला असलेले दहा ग्रॅम हाताला तेवढेच ओढतात, जेवढे मुठीच्या पुढे वीतभर अंतरावरचे ऐंशी-नव्वद ग्रॅम. त्यामुळे काट्यावर सारख्याच भरणाऱ्या दोन काठ्या हातात अगदी वेगळ्या वाटतात. एक शांत राहते, दुसरी सारखी नाक खाली घालते. रीळ बसवून, तंगूस भरून, रिळाच्या थोडं पुढे एका बोटावर काठी तोलून बघावी. आडवी राहिली तर ती मुलाच्या हातात तासभर राहील. साडेपाच फुटांची हलकी काठी शंभर ग्रॅमच्या आसपास मिळते आणि तिच्यावर शोभणारं लहान रीळ दोनशेच्या जवळपास. सगळं मिळून तीनशे ग्रॅम. वर सांगितलेला जाडजूड जोड सहज किलोच्या घरात जातो. मोठ्या माणसाला हा फरक कौतुकाचा वाटतो, मुलाला तो दुपार संपेपर्यंत सोसायचा असतो.

मुठीचा मागचा भागही मुलाच्या मापाचा हवा. काठी धरल्यावर तो कोपराच्या थोडाच मागे जावा. लांब असला की टाकताना बरगडीला लागतो, रीळ फिरवताना सदऱ्यात अडकतो. आणि दोन तुकड्यांची काठी घ्यावी, एकात एक सरकणारी नको. सरकणारी काठी पिशवीत मावते खरी, पण खाडीकाठची बारीक वाळू तिच्या सांध्यांत जाते आणि मग ती ना उघडत, ना मिटत. दोन तुकड्यांची काठी एसटीच्या फळीवर आरामात मावते.

काठीवर दोन गोष्टी छापलेल्या असतात आणि त्यांची गल्लत फार होते. एक तिची ताकद, म्हणजे ती किती ओढ सोसेल. अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम अशा पायऱ्या असतात. दुसरी गोष्ट तिचा बाक, म्हणजे ओढ आल्यावर ती कुठून वाकायला सुरुवात करते. फक्त शेंड्यातून वाकणारी काठी चपळ असते, पण शिकणाऱ्याची घाई ती माफ करत नाही. मध्यापर्यंत वाकणारी काठी चुकीच्या क्षणी दिलेला झटका स्वतःच्या अंगात जिरवते. मुलांसाठी लाइट ताकदीची, मध्यातून वाकणारी काठी मला सर्वांत योग्य वाटते. कार्बन की फायबरग्लास, यावर मोठी माणसं तासन् तास बोलू शकतात. कार्बन हलका आणि संवेदनशील, पण कडेवर आपटला की त्याला न दिसणारी चीर जाते आणि काठी पुढे कधीतरी मोडते. ग्लास थोडा जड, पण दांडगट. दोन्हींचं मिश्रण असलेली काठी घ्यावी आणि पुढे जावं. एक मात्र विसरू नये. कार्बन विजेचा वाहक आहे. विजेच्या तारांखालून कार्बनची काठी उभी धरून न्यायची नाही आणि मे अखेरीस पश्चिमेला ढग गडगडले की काठी आडवी ठेवून घरी यायचं. हे मुलाला पहिल्याच दिवशी, कुठलीही सूट न देता सांगायचं.

रिळाची परीक्षा मात्र निवांत करण्यासारखी आहे. काठीखाली टांगलेलं, तंगूस गुंडाळायची गुंडी उघडी असलेलं रीळ धरताना त्याचा पाय मधल्या दोन बोटांमध्ये येतो आणि तर्जनी मोकळी राहते. तंगूस टाकताना ही तर्जनीच तंगूस धरते आणि सोडते. म्हणून मुलाचा हात रिळावर ठेवून बघायचं, तर्जनी गुंडीच्या कडेपर्यंत पोचते का? पोचत असेल तर रीळ त्याचं. नसेल तर ते कितीही गुळगुळीत फिरो, कितीही बॉल बेअरिंगचं असो, ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे. भाचीचं बोट एक हजार क्रमांकाच्या रिळावर नीट पोचलं, अडीच हजारच्या रिळावर अर्ध्या पेराने कमी पडलं. हे क्रमांक कंपनीगणिक थोडे इकडेतिकडे होतात, म्हणून आकड्यापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा.

या रिळाची कथा मला फार आवडते, कारण ती आमच्या घरातून जाते. इंग्लंडच्या ब्रॅडफर्डजवळ अल्फ्रेड इलिंगवर्थ नावाचे लोकरगिरणीचे मालक होते. गिरणीत सूत बॉबिनच्या टोकावरून सुटतं, बॉबिन स्वतः फिरत नाही. हेच तत्त्व त्यांनी मासेमारीला लावलं आणि १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तोपर्यंतच्या बहुतेक रिळांत तंगूस ओढली की गुंडी फिरायची, आणि गुंडी फिरवण्याइतकी ओढ देण्यासाठी पुढे वजनदार शिसं लागायचं. गुंडी स्थिर झाली आणि दोन-चार ग्रॅमचं आमिषही दूर जाऊ लागलं. हलकी काठी शक्य झाली ती तेव्हापासून. माझी आजी परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. १९८२ च्या संपानंतर ती गावी आली ती कायमची. मी शाळेत असताना आणलेलं पहिलं रीळ तिने हातात घेतलं, तंगूस गुंडीच्या टोकावरून सुटताना पाहिली आणि कुणी काही समजावून न सांगता म्हणाली, धागा ओला ठेव आणि भरताना ताण एकसारखा ठेव, सैल भरलास तर वेढ्याखाली वेढा जाईल. आजही रिळावर तंगूस भरायची याहून चांगली रीत मला कुठे सापडलेली नाही. भाचीने पहिल्यांदा तंगूस भरली तेव्हा मी ओल्या फडक्यातून ती सोडत होतो आणि ती हळूहळू फिरवत होती. पणजीला तिने पाहिलेलं नाही, पण पणजीचा ताण तिच्या गुंडीवर आहे.

अमेरिकेत मुलांच्या हाती सर्रास दिसतं ते झाकणाचं रीळ. अंगठ्याने बटण दाबायचं आणि सोडायचं. टेक्सासमधल्या आर. डी. हल नावाच्या घड्याळजीची ही कल्पना. तेलविहिरींसाठी स्फोटकं बनवणाऱ्या टल्साच्या झिरो अवर बॉम्ब कंपनीने १९४९ मध्ये ते बाजारात आणलं आणि पुढे झेबको या नावाने ते घराघरांत गेलं. तलावावर, पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी ते उत्तमच. पण खाडीवर नको. खारं पाणी झाकणात शिरतं, मीठ आत बसतं आणि मुलाला ते दिसतही नाही. उघडं रीळ निदान आपलं दुखणं दाखवतं.

आपल्याकडे जड सामानाचा मोह का, याचा विचार करताना मला वाटतं की गळाच्या मासेमारीची भारतातली छापील परंपराच मोठ्या माशापासून सुरू झाली. दक्षिण कॅनरात कलेक्टर असलेल्या हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये मंगळूरहून ‘द रॉड इन इंडिया’ काढलं आणि त्यातला मानाचा मासा महसीर. १९४६ मध्ये काबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इन्गन यांना मिळालेला १२० पौंडांचा महसीर अजूनही गळकऱ्यांच्या गप्पांत पोहतो. त्या माशाला शोभणारी काठी पवई तलावाच्या काठावर किंवा आमच्या धक्क्यावर मुलाच्या हातात देण्याचं मात्र काही कारण नाही. आमच्या धक्क्याचा मासा काळुंदर.

काळुंदर म्हणजे केरळचं करिमीन. २०१० मध्ये केरळने त्याला राज्यमासा केला. आमच्याकडे त्याला असला मान नाही, पण तव्यावर आहे. चपटा, उंच अंगाचा, अंगावर मोत्यांसारखे ठिपके, आणि तोंड अगदी लहान. वजन बहुतेक वेळा पाव किलोच्या आसपास. तो शेवाळ खातो, कणकेची गोळी खातो, सोललेल्या कोळंबीचा बारीक तुकडा खातो, पण झडप घालत नाही. टोचून बघतो. एकदा, पुन्हा एकदा, मग थांबतो. जाड काठीच्या शेंड्यावर यातलं काहीही पोचत नाही. तिच्या मालकाला वाटतं मासाच नाही, आणि वर ओढल्यावर गरी रिकामी निघते. हलक्या काठीवर ते टोचणं मुठीपर्यंत येतं. धक्क्यावर वर्षानुवर्षं गरवणारे शेजारचे एक आजोबा भाचीची काठी बघायला आले. त्यांनी रीळ नाही पाहिलं, कंपनी नाही विचारली. तिची मूठ पाहिली आणि म्हणाले, “चेडवा, काठी येवडी आवळून धरू नको. सैल धर. माशान तोंड लावल्यान की हाताक आपसूक कळतला.”

तिला कळलं. आधी लाटेचा हेलकावा आणि टोचणं यांतला फरक कळला, मग खेकड्याची खसखस आणि काळुंदराचं टोचणं यांतला. खेकडा सलग ओढतो, काळुंदर थांबून थांबून. नंतर कधीतरी ती डोळे मिटून बसायला लागली. मुलांना धीर शिकवावा लागतो असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर त्यांना ऐकण्यासारखं काही दिलेलंच नसतं. हातात काही घडत असेल तर दहा वर्षांचं मूल भरतीपासून ओहोटीपर्यंत बसतं, हे मी पाहिलं आहे. मुलासाठी हलकी काठी घ्यायची ती या कारणासाठी. मुलाचं अंग लहान म्हणून काहीतरी कमी दर्जाचं देतोय असा तिचा अर्थ नाही. लहान माशाचं म्हणणं ऐकू येईल अशी ती वस्तू आहे, आणि पाव किलोचा काळुंदर आडवा होऊन पाण्यात गोल फिरायला लागला की त्या वाकलेल्या काठीवर तो जेवढा मोठा वाटतो, तेवढा मोठा मासा जड काठीवाल्याला उभ्या आयुष्यात मिळत नाही.

पण हलकं म्हणजे कितीही हलकं नव्हे. याच खाडीत कांदळाच्या मुळ्यांत तांबोशी असते. ती आमिष घेते आणि त्याच क्षणी मुळ्यांकडे परतते. अतिबारीक तंगूस तिथे तुटते आणि गरी तिच्या तोंडात राहते. शिवाय फार हलक्या सामानावर माशाला दमवत दमवत आणलं तर सोडल्यावर तो जगेलच असं नाही. त्यामुळे भाचीला मुळ्यांच्या बाजूला टाकायची परवानगी नाही, आणि गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला आहे. मासा सोडताना तोंड फाटत नाही, आणि गरी तिच्याच बोटात शिरली तरी सहज निघते. तंगूस सहा पौंडांची. यापेक्षा बारीक तिच्या हातात मी दिली नसती.

हलक्या सामानाचा खरा जीव रिळाच्या ड्रॅगमध्ये असतो. गुंडीवरची ती लहानशी चकती किती आवळली आहे, यावर मासा ओढायला लागल्यावर रीळ किती तंगूस सोडून देईल ते ठरतं. सर्वसाधारण नियम असा की तंगूस जेवढ्या ओढीला तुटते, तिच्या चौथ्या हिश्शाला ड्रॅग सुटू लागावा. सहा पौंड म्हणजे सुमारे २.७ किलो, त्याचा चौथा हिस्सा पावणेसातशे ग्रॅमच्या जवळपास. घरी ताणकाटा नसेल तर बाटलीत पाऊण लिटरपेक्षा थोडं कमी पाणी भरावं, तंगुशीला बांधावं आणि रीळ वर उचलावं. बाटली जमिनीवरून उठता उठता तंगूस सरकायला लागली की झालं. इतकं सैल ठेवायचं कारण, गाठीत तंगूस आधीच थोडी कमजोर झालेली असते आणि काठीच्या कड्यांवरून जाताना घासटण्यामुळे ओढ वाढते.

भाचीला हे पटायला वेळ लागला. मासा लागला की रीळ फिरवायचं, एवढंच तिला सुचायचं. मासा तंगूस ओढून नेतोय, ड्रॅग किरकिरतोय आणि ही वर फिरवतेय. अशा वेळी आत काहीच येत नाही. रिळाच्या दांड्याची एक फेरी म्हणजे गुंडीभोवती पाच फेऱ्या, आणि त्या पाचही फेऱ्या तंगुशीत पीळ होऊन बसतात. थोड्या वेळाने काठीवर दोऱ्यांचं घरटं तयार. म्हणून मी तिला एवढंच सांगितलं की तो नेतोय तोवर नेऊ दे. किरकिर थांबली की काठी हळू उचल, आणि खाली उतरवताना गुंडाळ. “पण मामा, तो जाईल ना!” तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिचा चेहरा अगदी रडकुंडीला आला होता. तो जाईल, बाळा, पण तुझी तंगूस त्याच्याबरोबर जातेय. जेवढं त्याला देशील तेवढं नंतर परत घेता येतं. ज्याला काहीच दिलं नाही, तो एका झटक्यात सगळं तोडून जातो.

माझ्या बहिणीने मध्येच एकदा विचारलं होतं, “दादा, तिला कशाला हे?” काळजीने विचारलं होतं, तरी मला लागलं. आमच्या खाडीवर बायका चिखलात उतरून तिसऱ्या काढतात, खडकांवरून कालवं फोडतात, मासळी विकायला डोक्यावर वाहतात. माशांचं सगळं कष्टाचं काम त्यांचं. गरवायला बसणं, तासन् तास पाण्याकडे बघत काही न करता बसणं, हे मात्र पुरुषांचं. मुलीच्या हातात काठी आली की लोकांना खटकतो तो मासा नाही, ती फुरसत. ती फुरसत तिला मिळायलाच हवी असं मला वाटतं, आणि ती मिळावी म्हणून मी धक्क्यावर तिच्या शेजारी बसतो, तिच्यासाठी काहीही न करता.

एका सकाळी ओहोटीला पाणी नितळ होतं आणि धक्क्याच्या पायरीशी काळुंदराची जोडी दिसली. भोवती बारीक पिलांचा ढग. काळुंदरात नर-मादी दोघं मिळून अंडी आणि पिलं राखतात. आमिष समोर पडलं असतं तर त्यांनी ते हाकलण्यासाठी तोंडाने उचललंच असतं, इतके ते त्या वेळी चिडलेले असतात. भाचीने बराच वेळ पाहिलं आणि काठी घेऊन धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने चोपन्न जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, ती मुख्यतः मोठ्या मासेमारीला आणि बाजाराला आवर घालण्यासाठी. धक्क्यावरच्या मुलाला कुणी मोजपट्टी घेऊन विचारणार नाही. म्हणून तिच्या काठीच्या मुठीवर आम्ही नखरंगाने एक खूण केली आहे. खुणेपेक्षा लहान मासा हात ओला करून धरायचा आणि परत सोडायचा. खूण कुठे करायची ते तिनेच ठरवलं, आणि मी मनात धरली होती त्यापेक्षा ती बरीच पुढे आहे.

काठी धुण्याचं काम तिचं. रीळ गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली, कधीही बुडवून नाही. काठीच्या कड्या फडक्याने पुसून, ड्रॅग सैल करून ठेवायचा, म्हणजे आतल्या चकत्या दाबलेल्या राहून चिकटत नाहीत. पुढच्या सुट्टीत तिला तारकर्लीच्या वाळूवरून मुडदुशा गरवायच्या आहेत. त्यासाठी लाटेपलीकडे टाकता येईल अशी सात-आठ फुटांची काठी लागते असं ती कुठून तरी ऐकून आली आहे, आणि ते बरोबरही आहे. दुकानात जाऊ, तिच्या हातात देऊन बघू. बोटावर तोलली आणि मनगटाला झेपली तर घेऊ. नाही झेपली तर हीच साडेपाच फुटी घेऊन ओहोटी संपताना गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. भरतीच्या पहिल्या पाण्याबरोबर मुडदुशा तिथेही येतात.